कॉलेजचं वायफाय नेमकं काय काय बघतं?

खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून बेळगावला शिकायला आलेला माझा भाचा पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरी आला आणि चप्पल काढायच्या आधी मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामा, हे काय विचारालंय बघा की."

कॉलेजच्या वायफायला जोडायचं असेल तर एक 'सर्टिफिकेट' बसवा, असं पडद्यावर लिहिलं होतं. त्याखाली मोबाईलनं स्वतःहून इशारा दिला होता की हे बसवलं तर तुमच्या नेटवर दुसऱ्या कुणाची नजर राहू शकते. पिशवीत पाच पानांचा इंग्रजी फॉर्म होता, शेवटच्या पानावर त्याची सही.

"सही केलास?"

"केलो की. सगळ्यांनीच केली. सही नाही तर वायफाय नाही म्हणाले."

"काय लिहिलंय ते वाचलास?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलेला पोरगा, आणि पुढ्यात वकिली इंग्रजीची पाच पानं. मला तरी त्याच्या वयात काय कळलं असतं? खरं मला आता कळतं, कारण बेळगाव आणि आसपासच्या कॉलेजांत, ऑफिसांत नेटवर्क बसवण्याचं आणि सांभाळण्याचं काम मी पंधरा वर्षं करतोय. त्या रात्री जेवणानंतर त्याला जे समजावलं, तेच इथं लिहितो. टिळकवाडीपासून निपाणी-चिकोडीपर्यंत दरवर्षी कितीतरी घरांतून पोरं असल्याच फॉर्मवर सह्या करतात.

वाड्याचा एकच पत्ता

मोबाईल कॉलेजच्या वायफायला जोडला की पहिलं पान उघडतं, त्यात यूएसएन (विद्यापीठानं प्रत्येक विद्यार्थ्याला दिलेला नंबर) किंवा दुसरा कुठला नंबर आणि पासवर्ड मागतात. हे का लागतं, हे समजायला जुना वाडा डोळ्यापुढे आणा. वाड्यात वीस बिऱ्हाडं, टपालाचा पत्ता एकच. बाहेरून पत्र येतं ते वाड्याच्या नावानं. आत कुणाचं, हे वाड्यातल्याच कुणाला तरी माहीत असावं लागतं.

कॉलेजचं तसंच आहे. आत दोन हजार मोबाईल असले तरी बाहेरच्या इंटरनेटला मोजकेच पत्ते दिसतात. या पत्त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. उद्या त्या पत्त्यावरून कुणी धमकीचा मेल पाठवला, तर पोलीस कॉलेजच्या दारात येतील. त्या वेळी आतला माणूस कोण, हे सांगण्यासाठी कॉलेज एक वही ठेवतं: किती वाजता, कुठल्या यूएसएनला, आतला कुठला पत्ता दिला होता. या वहीला 'लॉग' म्हणतात. पुढे मी 'नोंदवही' म्हणेन.

त्या वहीत तुमच्या मोबाईलचाही एक नंबर उतरतो. आयपी अॅड्रेस म्हणजे पार्किंगचं टोकन, रोज बदलणारं. मोबाईलचा मॅक अॅड्रेस मात्र गाडीच्या चासी नंबरसारखा: केए-२२ची पाटी बदलली तरी चासी तीच. अँड्रॉईड १० आणि आयफोनचं आयओएस १४ आल्यापासून मोबाईल प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक अॅड्रेस दाखवू शकतात. पण यूएसएन टाकून आत गेलात की त्या लपण्याला कॉलेजपुरता काही अर्थ राहत नाही.

आणखी एक गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. कॉलेजच्या प्रत्येक मजल्यावर वायफायची पांढरी डबी असते. मोबाईल ज्या डबीला जोडलेला, तिची नोंद होते. म्हणजे साडेदहाला तुम्ही वर्गात होता, अकराला कँटीनमध्ये, आणि दुपारी दोन तास मुलींच्या हॉस्टेलजवळच्या बाकावर, हे सगळं त्या वहीतून काढता येतं. यासाठी वेगळा कॅमेरा लागत नाही. मोबाईल खिशात असला तरी पुरे.

पार्सल ऑफिसला काय कळतं

पुण्याला असलेल्या बहिणीला तुम्ही बसनं कुंदा पाठवता. डबा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून टेप लावून पार्सल ऑफिसात देता. तिथल्या माणसाला पाठवणारा कोण, कुणाला, किती वजन, किती वाजता, एवढं कळतं. आत कुंदा आहे का मांडे, हे टेप काढल्याशिवाय कळत नाही.

आजचं बहुतेक इंटरनेट असंच टेप लावून जातं. साईटच्या पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' असतं, ती टेप. तिच्यामुळे तुम्ही आत काय वाचलंत, काय शोधलंत, पासवर्ड काय टाकलात, हे मधल्या कुणाला दिसत नाही. साईटचं नाव मात्र सहसा दिसतं, कारण खोक्यावर पत्ता लिहावाच लागतो. त्याआधी तर बसस्टँडवरच्या चौकशी खिडकीत जाऊन 'अमक्या गावची गाडी कुठं लागते' विचारल्यासारखं मोबाईल विचारतो की या नावाच्या साईटचा पत्ता काय. ही चौकशी अनेकदा उघड्यावर, कॉलेजच्याच खिडकीत होते.

म्हणजे व्हॉट्सअॅपवर तुम्ही काय लिहिलंत ते कॉलेजला दिसत नाही. व्हॉट्सअॅप चालू होतं, किती वाजेपर्यंत होतं आणि साधारण किती डेटा गेला, हे दिसतं. "एवढंच ना?" असं भाचा म्हणाला. एवढंच, खरं ते थोडं नव्हे. दर शुक्रवारी त्याच माणसाला त्याच वजनाचं पार्सल जात असेल तर पार्सल ऑफिसवाल्याला खोकं न उघडताही बरंच उमजतं. रात्री दोनला नैराश्यावरच्या मदतीची साईट, दुसऱ्या दिवशी मानसोपचार रुग्णालयाची साईट, त्यानंतर हॉस्टेल सोडण्याच्या नियमांचं पान: यातला एकही मजकूर वाचायला लागत नाही.

मग ते सर्टिफिकेट कशाला?

आता भाच्याच्या मोबाईलवरच्या प्रश्नाकडे येतो. सगळ्या विषयात सर्वात कमी समजलेली आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

तुमचा ब्राउझर टेप खरी आहे का, हे कसं ओळखतो? जगातल्या काही संस्थांचे शिक्के खरे मानायचे, अशी यादी मोबाईलमध्ये आधीपासून असते. बँकेच्या साईटवर त्यातल्या कुणाचा तरी शिक्का असतो, म्हणून कुलपाचं चित्र दिसतं. कॉलेजचं सर्टिफिकेट बसवणं म्हणजे त्या यादीत आणखी एक शिक्का घालणं: 'यापुढे कॉलेजनं मारलेला शिक्काही खरा समज.'

समजा पार्सल ऑफिसनं ठरवलं की प्रत्येक खोकं उघडून बघायचं. टेप कापली, कुंदा बघितला आणि आपली टेप लावून पुढे पाठवला. बहिणीच्या घरी आधीच सांगून ठेवलंय की ही टेपसुद्धा आपलीच माना. तिला खोकं उघडलं होतं याची शंकाही येणार नाही. कॉलेजच्या दारातलं यंत्र, म्हणजे फायरवॉल, नेमकं हेच करू शकतं. मोबाईलकडून आलेलं उघडतं, तपासतं, आपल्या शिक्क्यानं बंद करून पुढे पाठवतं. कुलपाचं चित्र तसंच दिसत राहतं.

याचं खरं कारणही आहे. व्हायरससुद्धा टेप लावूनच येतो, आणि खोकं न उघडता तो पकडणं अवघड. म्हणून कंपन्या आपल्या मालकीच्या कॉम्प्युटरवर असं करतात आणि त्यात मला वावगं वाटत नाही. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मोबाईलवर हे करणं मला पटत नाही. तो मोबाईल रात्री बापाच्या औषधाचा डोस शोधायलाही वापरला जातो.

इथं न्यायानं एक सांगायला हवं. प्रत्येक सर्टिफिकेट असं नसतं. काही कॉलेजं फक्त 'हे वायफाय खरंच आमचं आहे, कुणी तोतया नाही' हे पटवायला सर्टिफिकेट देतात, आणि ते सुरक्षेसाठी चांगलंच. अलीकडच्या अँड्रॉईडमध्ये सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये दोन्ही वेगळे दिसतात: 'वायफाय सर्टिफिकेट' आणि 'सीए सर्टिफिकेट'. पहिलं सहसा निरुपद्रवी. दुसरं बसवायला सांगितलं तर थांबायचं आणि विचारायचं. भाच्याला दुसरंच बसवायला सांगितलं होतं.

भाच्याला थोडा दिलासाही दिला. अँड्रॉईड ७ पासून बरीच अॅप, खासकरून बँकेची, आपण हातानं बसवलेलं सर्टिफिकेट मानत नाहीत. ब्राउझर मात्र मानतो. आणि आधी बसवून ठेवलं असेल तर त्याच सेटिंगमधून ते काढून टाकता येतं.

इनकॉग्निटो आणि व्हीपीएन

हे झटकन सांगतो. इनकॉग्निटोत तुमच्याच मोबाईलवर इतिहास राहत नाही, म्हणजे घरच्यांना दिसत नाही. कॉलेजच्या नोंदवहीला त्यानं काहीही फरक पडत नाही. व्हीपीएन म्हणजे तुमचं खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात घालून तिसऱ्याच ऑफिसकडे पाठवणं. कॉलेजला आतला पत्ता दिसत नाही, पण त्या तिसऱ्याला दिसतो, आणि फुकटातलं व्हीपीएन चालवणारा कोण, हे कुणी विचारत नाही. शिवाय बऱ्याच कॉलेजांच्या नियमांत व्हीपीएनला मनाई असते. खासगी काम मोबाईलच्या स्वतःच्या डेटावर करणं हा त्याहून साधा मार्ग.

लॅबमधला कॉम्प्युटर, कॉलेजचा ईमेल

इथं आशा कमीच ठेवावी. लॅबच्या कॉम्प्युटरवर शिक्षकाला सगळ्यांचे पडदे एकाच वेळी बघता येतील अशी सॉफ्टवेअर सर्रास असतात. विषय शिकवताना त्यांचा उपयोगही होतो. मशीन कॉलेजचं, त्यावर काय चाललंय ते कॉलेज बघू शकतं. कॉलेजनं दिलेल्या ईमेलचंही तसंच: ती खाती चालवणाऱ्या अधिकाऱ्याला गरज पडली तर आतले मेल शोधता येतात, आणि तुम्ही पुसलेलं काही वेळा पुसलं गेलेलंही नसतं. घरची भांडणं, नोकरीचे अर्ज, दवाखान्याचे रिपोर्ट कॉलेजच्या ईमेलवर नकोत. मी भाच्याला एवढंच सांगितलं की त्या खात्यावर तेच लिही, जे प्राचार्यांच्या टेबलावर पडलं तरी चालेल.

कॉलेजला हे करावंच लागतं का?

बऱ्याच अंशी, होय. आणि कॉलेजच्या बाजूनं बोलायलाही मी तयार आहे, कारण त्या खुर्चीत मी बसलोय.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. त्यानुसार संस्थांनी आपल्या यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आणि सायबर हल्ला झाल्याचं कळल्यापासून ६ तासांत कळवायचं. नोंदच नसेल तर हल्ला कुठून आला हे शोधणार कसं? त्याच्या कितीतरी आधी, २०११ मध्ये, सायबर कॅफेंसाठी नियम आले होते. त्या वेळी नेट कॅफे चालवणाऱ्या आम्हा लोकांना ते पाठ होते: ओळखपत्र बघायचं, नोंदी वर्षभर ठेवायच्या, आडपडदा साडेचार फुटांपेक्षा उंच नको. त्या वहीत आमच्याच पोरांची नावं असायची. कॉलेजची नोंदवही त्याच जातीची आहे.

दुसरं कारण अभ्यासाचं. विद्यापीठाला महागडी संशोधन मासिकं वाचायला मिळतात ती विद्यापीठाच्या आयपी पत्त्याच्या ओळखीवर. २०२५ पासून केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना हजारो मासिकं खुली झाली आहेत, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये त्यासाठी मंजूर झाले. अशा ठिकाणी एकानं यंत्र लावून लाखो लेख उतरवले, तर प्रकाशक अख्ख्या पत्त्याचं दार बंद करतो. अमेरिकेतल्या एमआयटीत २०१० च्या ऑक्टोबरात असंच झालं: जेस्टोर या संग्रहानं काही दिवस संपूर्ण विद्यापीठाचा प्रवेश तोडला होता. एका माणसापायी हजारोंचं वाचन बंद. तो एक कोण, हे शोधायला नोंद लागतेच.

म्हणून 'नोंद ठेवू नका' असं मी म्हणणार नाही. नोंदवही कपाटात ठेवणं आणि ती रोज उघडून वाचत बसणं यात फरक आहे. सगळा वाद त्या फरकाचा आहे.

"मी काही वाईट करत नाही, मग भ्यायचं कशाला?"

भाच्यानं हाच प्रश्न विचारला. मी त्याला माझी एक गोष्ट सांगितली, जी आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं नेटवर्क माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी ऑफिसातल्या एका वरिष्ठानं बोलावलं. म्हणाले, "त्या सरांचं जरा बघून सांगा, दिवसभर कुठल्या साईटवर असतात." चिठ्ठी नाही, कारण नाही, सही नाही. मी खुर्चीत बसलो आणि तीन महिन्यांच्या नोंदी काढल्या. चार मिनिटं लागली. त्यात नोकरीच्या साईटी होत्या. एका कर्करोग रुग्णालयाची साईट होती, पुन्हा पुन्हा, कधी सकाळी, कधी दुपारच्या सुट्टीत. मी प्रिंट काढली आणि दिली.

पंधरा दिवसांत सर दुसरी नोकरी शोधताहेत हे शिपायापर्यंत पोचलं होतं. सरांच्या पत्नीवर उपचार चालू होते, हे मला नंतर कळलं. बहुधा म्हणूनच त्यांना मोठ्या शहरातली नोकरी हवी होती. दवाखान्याच्या ओळी कागदावरून काढून टाकाव्यात एवढंही मला त्या संध्याकाळी सुचलं नव्हतं. सरांनी काहीही वाईट केलं नव्हतं. त्यांचं बिंग फुटलं नाही, कारण बिंग नव्हतंच. त्यांचं दुःख आणि त्यांची गरज यांची प्रिंट निघाली, आणि ती मी काढली.

पुढच्या वेळी असंच सांगणं आलं तेव्हा मी म्हणालो, "लेखी द्या साहेब, कारण लिहून द्या, मग काढतो." लेखी आलं नाही.

'मी काही वाईट करत नाही' म्हणताना आपण धरून चालतो की बघणारा फक्त वाईटच शोधतोय. त्याला काय शोधायचंय हे तोच ठरवतो. आणि बघणारा आहे एवढी जाणीवसुद्धा माणसाला बदलते. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेची देखरेख उघड झाल्यावर विकिपीडियावरचे दहशतवादाशी संबंधित लेख वाचणाऱ्यांची संख्या घटली, असं एका अभ्यासात दिसलं. ते लेख वाचणं गुन्हा नव्हता.

आपल्याकडे हे कुठं लागू होतं, ते सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा: या सीमावादावर मराठी घरातली एखादी पोरगी प्रबंध लिहायला घेते. तिला दोन्ही बाजूंचं वाचायचंय, महाराष्ट्रातलीही वर्तमानपत्रं आणि कर्नाटकातलीही, तिखट लेख आणि शांत लेखही. शेजारच्या बाकावरचा कानडी पोरगाही तेच वाचतोय. 'हे उघडलं तर कुणाला दिसेल?' असा विचार दोघांपैकी कुणाच्याही मनात आला, तर प्रबंध तिथंच अर्धा झाला. विद्यापीठ त्यासाठी नाही.

"वायफाय त्यांचं, पैसे त्यांचे, बघितलं तर काय बिघडलं?"

घर मालकाचं असतं म्हणून तो भाडेकरूच्या खोलीत न विचारता शिरत नाही. साधी गोष्ट आहे, पण कोर्टाला ती सांगावी लागली.

वेल्समधल्या कारमार्थनशायर कॉलेजात लिनेट कोपलंड नावाची बाई प्राचार्यांची सहायक होती. तिचे फोन, ईमेल, नेटचा वापर यांवर कॉलेजनं पाळत ठेवली. फोन कॉलेजचा, नेट कॉलेजचं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ३ एप्रिल २००७ रोजी निकाल दिला: तिला आधी कसलीही सूचना दिली नव्हती, म्हणून आपला वापर खासगी राहील असं समजण्याचा तिला हक्क होता. तिच्या खासगी आयुष्याचा भंग झाला. कोर्टानं संभाषणाचा मजकूरच नव्हे, तर नंबर, तारखा आणि वेळा गोळा करणंही त्यात धरलं. म्हणजे आपल्या भाषेत, खोकं न उघडताही.

हार्वर्डमध्ये २०१२ ला परीक्षेतल्या कॉपीचं प्रकरण गाजलं. बातमी बाहेर कशी गेली हे शोधायला विद्यापीठानं हॉस्टेलांत राहणाऱ्या १६ डीन मंडळींची ईमेल खाती तपासली. मेलचा मजकूर वाचला नाही, विषयाच्या ओळीच शोधल्या. बहुतेकांना सांगितलं नव्हतं. २०१३ च्या मार्चमध्ये ते उघडकीला आलं तेव्हा प्राध्यापकांत संताप उसळला, आणि कुणाची खाती कधी, कुणाच्या परवानगीनं तपासायची याचे नियम विद्यापीठाला नव्यानं करावे लागले.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला लढणारे न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश. सरकारी संस्थेनं या हक्काला हात लावायचा तर तीन गोष्टी लागतात: कायद्याचा आधार, रास्त कारण आणि कारणाच्या मानानं बेताचाच उपाय. उंदीर मारायला घर जाळायचं नाही. सरकारी विद्यापीठाला हे थेट लागू आहे.

"पोरांवर लक्ष नको का?"

हा प्रश्न पोरांच्या आईवडिलांचा आहे, आणि तो मला हसण्यावारी न्यायचा नाही. पोरगं पहिल्यांदा घराबाहेर, हातात मोबाईल, ऑनलाईन जुगाराची अॅप, कर्ज देणारी अॅप. काळजी खरी आहे. जुगाराच्या साईटी कॉलेजनं बंद कराव्यात, माझं काही म्हणणं नाही. त्यासाठी कोण उघडतंय हे बघावं लागत नाही, दार लावून घेतलं की झालं. वायरस आलाय का हे यंत्र बघतं, माणसानं बघायची गरज नाही.

काळजीपोटी बसवलेली नजर कुठं जाते, याचा दाखला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियनच्या शाळांनी दिला. मुलांना लॅपटॉप वाटले, चोरीला गेले तर सापडावेत म्हणून कॅमेरा दुरून चालू करायची सोय ठेवली. २०१० मध्ये कळलं की मुलांच्या घरातले, खोलीतले हजारो फोटो निघाले होते. शाळांना ६ लाख १० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. त्या पालकांनीही सुरुवातीला लॅपटॉप आनंदानंच घेतले असणार.

कायदा काय देतो, आणि कोणत्या भाषेत

भाच्याच्या पाच पानांकडे आता परत येऊ. सीमाभागात राहणाऱ्यांना ही गोष्ट माहीत असायला हवी.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास लागू होतात. तुमची संमती घेऊन माहिती गोळा करायची तर आधी सूचना द्यायला हवी: कोणती माहिती, कशासाठी, तक्रार कुठं करायची. दिलेली संमती मागे घेण्याची सोयही हवी. आणि ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला हवा.

आठव्या अनुसूचीत कन्नड आहे, तशी मराठीही आहे. राज्याची भाषा कोणती, हा प्रश्न इथं येतच नाही. हक्क वाचणाऱ्याचा आहे. माहितीच्या अधिकाराशी ताडून बघा म्हणजे फरक कळेल. तो अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे बेळगावात कन्नडमध्ये. मराठीत केला तर घ्यायलाच हवा असं नाही. नव्या कायद्यात मात्र, तो पूर्ण लागू झाला की, बेळगावच्या कॉलेजात बसलेला मराठी पोरगा 'ही सूचना मला मराठीत दाखवा' म्हणू शकतो, आणि गडहिंग्लजच्या कॉलेजात बसलेला कानडी पोरगा 'मला कन्नडमध्ये'. गेल्या कितीतरी वर्षांत आमच्या भागातल्या माणसाला भाषेच्या बाबतीत न भांडता मिळालेल्या गोष्टी थोड्याच आहेत. ही त्यातली एक. वापरली नाही तर कागदावरच राहील.

प्रत्येक नोंदीला संमती लागते असं मात्र नाही. कायद्यानंच ठेवायला सांगितलेल्या नोंदी त्यातून वगळता येतात. पण पाच पानांवर 'मला मान्य आहे' म्हणून सही मागितली, तर ती संमतीच झाली. आणखी एक: अठरा वर्षांखालच्यांना हा कायदा मूल मानतो. त्यांच्यासाठी आईवडिलांची संमती लागते आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. शिक्षणसंस्थांना अभ्यासाच्या आणि मुलांच्या सुरक्षेच्या कामापुरती त्यात सूट दिली आहे. पीयूसीची (अकरावी-बारावीची) सगळी पोरं आणि डिग्रीच्या पहिल्या वर्षातली बरीच यात बसतात. माझा भाचा सतरा वर्षांचा. सही त्याची होती. बहिणीला कुणी विचारलंच नव्हतं.

भाच्याचा अर्ज

त्या रात्री आम्ही सर्टिफिकेट बसवलं नाही. दुसऱ्या दिवशी भाच्यानं वहीच्या कागदावर मराठीत एक अर्ज लिहिला, त्याच्याच अक्षरात. शेजारच्या कानडी मित्राकडून कन्नडमध्ये त्याची नक्कल करून घेतली आणि दोन्ही जोडले. अर्जात फक्त प्रश्न होते. हे सर्टिफिकेट बसवल्यावर ब्राउझरमधलं काय काय उघडलं जातं? बँक आणि दवाखान्याच्या साईटी त्यातून वगळल्या आहेत का? नोंदी किती दिवस राहतात? त्या कोण बघू शकतं, आणि बघताना कारण लिहून घेतलं जातं का? सर्टिफिकेट न बसवता, फक्त यूएसएन घालून वायफाय मिळेल का? पाच पानांचा फॉर्म मराठीत आणि कन्नडमध्ये मिळेल का?

चौथ्या प्रश्नातलं 'कारण लिहून' हे मी सांगून घालायला लावलं.

ऑफिसातल्या क्लार्क बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "हे असलं कुणी विचारत नाही रे," म्हणाल्या. भाचा म्हणाला, "म्हणून विचारलो मॅडम." त्यांनी तारखेचा शिक्का मारून पोच दिली. आता ती पोच आमच्या घरी देवघराच्या फळीवर आहे, आणि उत्तर येईपर्यंत भाचा मोबाईलच्या स्वतःच्या डेटावर अभ्यास करतोय.